कुंपणापलीकडे फेकलेली गोगलगाय

नीतीचे मोठे प्रश्न मोठ्याच प्रसंगी उभे राहतात, असा एक समज आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर आली तेव्हाच अर्जुनाला धर्माधर्माचा विचार सुचला. मग आपल्यासारख्या सामान्य संसारी माणसांना, ज्यांच्या आयुष्यात फायलींच्या ढिगाऱ्यापलीकडे कोणतेही कुरुक्षेत्र नाही, त्या विचाराचे प्रयोजन काय? आम्हांला हा समज खरा वाटत नाही. मोठ्या प्रसंगी मनुष्य बहुधा इतरांच्या नजरेखाली असतो आणि लोकलज्जाच त्याच्याकडून निम्मा धर्म करवून घेते. त्याची खरी परीक्षा होते ती जिथे कोणी पाहत नाही आणि जिथे पणाला लागलेली वस्तू इतकी क्षुद्र असते की तिचा विचार करणेही हास्यास्पद वाटावे. अशाच एका क्षुद्र वस्तूचा विचार येथे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे पावसाळ्यात आपल्या बंगल्याच्या आवारातील जास्वंद कुरतडणारी गोगलगाय.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे बागेशी असणारे नाते मोठे चमत्कारिक असते. सरकारी निवासाच्या भिंती आपल्या नसतात, छप्पर आपले नसते, खुर्च्या-टेबलांवर तर सार्वजनिक बांधकाम खात्याचे आकडेच रंगवलेले असतात. तरीही दारापुढच्या चार हात जमिनीत आपण तगर लावतो, मोगरा लावतो, गावाकडून जपून आणलेले अबोलीचे रोप रुजते की नाही म्हणून रोज सकाळी वाकून पाहतो. तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि भरास आलेला मोगरा दुसऱ्याच्या घरी फुलू लागतो. निष्काम कर्मयोगाचा अभ्यास आपल्यापैकी पुष्कळांनी ग्रंथ वाचून केला असेल-नसेल. पण पारिजातक लावून त्याचा पहिला सडा पडण्यापूर्वीच गाडी पकडण्याचा अभ्यास मात्र बहुतेकांना घडलेला आहे. अशा या उसन्या बागेवर जेव्हा पहिल्या दमदार पावसानंतर गोगलगाईंची धाड पडते, तेव्हा तिचे रक्षण करण्याचा आवेश आपल्या अंगी कोठून येतो, हे एक कोडेच आहे. कदाचित जे आपले नाही ते नीट राखून पुढच्याच्या हाती द्यावे, हाच आपल्या पेशातील सर्वांत जुना संस्कार असावा.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांना लावतो. पण ज्या प्राण्यावरून ती निघाली तो प्राणी तिला पुरेपूर जागतो. दिवसा तो दिसत नाही. कुंड्यांच्या बुडाशी, पालापाचोळ्याखाली, विटांच्या सांदीत शंख मिटून पडलेला असतो. रात्री ओल धरली की निघतो आणि सकाळी आपल्याला दिसते ती फक्त वाळलेल्या लाळेची चकचकीत रेघ आणि पानांची चाळण. झेंडू, पपई, काकडवर्गातील वेल, कोबी-फुलकोबीची कोवळी रोपे यांच्यावर त्याची विशेष मर्जी. जास्वंदीची पाने तर तो खातोच, पण उपासमार झाली तर कोवळ्या खोडाची सालही खरवडतो. शंखासाठी लागणारा चुना मिळावा म्हणून घराच्या पांढऱ्या भिंती चाटण्यासही तो कमी करत नाही.

यांतला जो सर्वांत मोठा आणि सर्वांत उपद्रवी, हाताच्या तळव्याएवढा तपकिरी पट्ट्यांचा शंख वागवणारा प्राणी, तो मुळी या देशातला नव्हेच. पूर्व आफ्रिका हे त्याचे माहेर. तेथून तो मादागास्कर, मॉरिशस असा बेटाबेटांनी पुढे सरकत आला. त्याचा हिंदुस्थानातील प्रवेश कसा झाला याची नोंद आहे, आणि ती नोंदच आमच्या आजच्या विवेचनाचा पाया आहे. विल्यम हेन्री बेन्सन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्याला शंखशिंपल्यांचा आणि मृदुकाय प्राण्यांचा नाद. त्याने मॉरिशसहून या गोगलगाईंचे जिवंत नमुने कलकत्त्यास आणले, आणि १८४७ साली ते शहर सोडताना एका शेजाऱ्याच्या हवाली केले. शेजाऱ्याने ते चौरंगीतील आपल्या बागेत सोडून दिले. पुढचा इतिहास त्या बागेच्या कुंपणात मावला नाही. बंगालातून ही जात हळूहळू देशाच्या अनेक भागांत पसरली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या जपानी अमलाच्या काळात, ती अंदमानात पोहोचली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरळात दिसू लागली आणि एकविसाव्या शतकात तेथील बागाइतदारांना तिने रडकुंडीस आणले. आपल्या मराठवाड्यात २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले आणि शंखी गोगलगाईंनी ते अंकुरावस्थेतच फस्त केले. कित्येकांना दुबार, काहींना तिबार पेरणी करावी लागली. म्हणजे आपण आवारात जो प्राणी चिमट्याने उचलतो, त्याने तिकडे कोणाच्या तरी घरचे वर्षाचे गणित बिघडवले आहे. प्रश्न क्षुद्र म्हणून सोडून देण्याइतका क्षुद्र राहिलेला नाही.

आता प्रश्न असा : या प्राण्याला मारावे काय? आणि मारावयाचे तर कोणी, कसे, आणि कोणत्या मनाने?

पहिले उत्तर सोपे आहे. त्यात विचार कसला करावयाचा? कीड आहे, मारावी. परंतु हे उत्तर देणाऱ्याला एवढेच विचारावे की मग बागेच्या बाबतीत ‘कीड’ हा शब्द कोणी ठरवला? गोगलगाईच्या दृष्टीने जास्वंद हे अन्न आहे; आपल्या दृष्टीने ती शोभा आहे. अन्न श्रेष्ठ की शोभा, हा वाद निःपक्ष पंचापुढे गेला तर निकाल आपल्या बाजूने लागेल अशी खात्री आम्हांला देता येत नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याची गोष्ट निराळी; तेथे दोन्ही पक्षी अन्नच आहे. बंगल्यातल्या माणसाने शेतकऱ्याचा युक्तिवाद उसना घेऊ नये.

दुसरे उत्तर दुसऱ्या टोकाचे. कोणत्याही जिवाला इजा करू नये, पाने खाल्ली तर खाऊ द्यावीत. या उत्तराविषयी आम्हांला आदर आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विवरण आहे ते ज्यांनी वाचले असेल, त्यांना पाण्यावरची लाट न मोडता पाऊल टाकणारा बगळा आणि केसर दुखावेल या शंकेने कमळावर अलगद पाय ठेवणारा भुंगा कधी विसरता येणार नाही. त्याच ठिकाणी ज्ञानदेवांनी आणखी एक दृष्टांत दिला आहे आणि तो तर थेट बागेतलाच आहे. हिंसा करूनच अहिंसा साधू पाहणाऱ्यांना ते सांगतात की हे म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालण्यासारखे आहे. बागेच्या रक्षणासाठी रात्री विजेरी घेऊन निघालेल्या माणसाला या दृष्टांताने थबकून उभे राहावे लागते.

पण उभे राहून विचार करू लागले की ध्यानात येते, न मारणे हेही काही निष्पाप नव्हे. ही गोगलगाय एका खेपेस शंभरापासून चारशेपर्यंत अंडी घालते. प्रत्येकीच्या ठायी नर आणि मादी या दोहोंची इंद्रिये असल्यामुळे अंडी न घालणारी अशी कोणी उरतच नाही. आपल्या आवारात तिला अभय देणे म्हणजे शेजाऱ्याच्या भाजीपाल्याला, पलीकडच्या वाडीला आणि त्यापलीकडच्या शेताला भय देणे होय. शिवाय ती उंदरांच्या फुप्फुसातील एका सूक्ष्म कृमीची वाहक आहे. तो कृमी माणसाच्या शरीरात शिरला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, आणि गोगलगाईंशी खेळणाऱ्या मुलांना हा धोका सर्वांत अधिक. तेव्हा दया ही ज्याची त्याने आपल्या खर्चाने करावयाची गोष्ट आहे. आपल्या दयेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणे ही दया नव्हे.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. म्हणजे ज्या वस्तूंवाचून घर चालत नाही त्याच वस्तूंनी जीव मरतात. स्मृतिकाराने चुली विझवा असे सांगितले नाही, आणि ‘एवढे तर चालायचेच’ असेही म्हटले नाही. त्याने रोजच्या पंचमहायज्ञांचे ऋण गृहस्थाच्या माथी बसवले. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच निराळ्या भाषेत सांगतो. नांगर धरणारा जमिनीतले असंख्य जीव मारतो. चालणारा, बसणारा, निजणारा मारतो. अहिंसेचे व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा घडतेच, फक्त यत्नाने ती कमी करता येते. मांस विकून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडी व्यासांनी हे शब्द घातले, यात मोठे औचित्य आहे. हिंसेशी ज्याचा रोजचा संबंध येतो त्यालाच तिचे माप ठाऊक असते.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. मारावे की न मारावे यापेक्षा, मारण्याचा भार कोण वाहतो, हा प्रश्न अधिक खोल आहे. आणि प्रत्यक्षात आपण सभ्य माणसे काय करतो ते पाहिले तर असे दिसते की आपण मारतही नाही आणि सोडतही नाही. आपण तिसरेच काही करतो. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार कुंपणापलीकडे फेकण्याचा. यात जीव मारल्याचे पाप नाही, बागही राखली जाते आणि पलीकडे कोण राहतो याची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली एका हौशी बागवान बाईंनी गोगलगाईंच्या शंखांवर नखांना लावायचा रंग लावून त्या दूर नेऊन सोडल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ परत आल्या. जवळच सोडले तर घरी परतण्याचा संभव फार, असे त्या प्रयोगातून दिसले. निसर्गाचा न्याय असा कधीकधी विनोदी असतो. पण गोगलगाय परत आली नाही तरीही हिशेब संपत नाही. १८४७ साली कलकत्त्यात जे घडले ते याहून वेगळे काय होते? जाता जाता शेजाऱ्याच्या स्वाधीन केलेले चार शंख, आणि शेजाऱ्याने सहज उघडलेली मूठ. त्या दोघांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. दोघांनाही फक्त आपापल्या हातातली वस्तू हातावेगळी करावयाची होती.

दुसरा प्रकार माळ्याला सांगण्याचा. ‘त्या गोगलगाईंचे काहीतरी बघ बुवा,’ एवढे म्हटले की आपले काम झाले. ‘काहीतरी’ या शब्दात मीठ आहे, कढत पाणी आहे, पायाखाली चिरडणे आहे. पण आपण ते उच्चारलेले नाही. संध्याकाळी आपण व्हरांड्यात चहा घेताना अहिंसेवर संभाषणही करू शकतो. वाचकांपैकी ज्यांनी शासनाच्या उतरंडीत वर्षे काढली आहेत, त्यांना या ‘काहीतरी’ची ओळख निराळी करून द्यावयास नको. संदिग्ध शब्दांत दिलेला हुकूम हा वरिष्ठाच्या विवेकाचे रक्षण करतो आणि कनिष्ठाच्या माथी कर्म टाकतो. बागेत हे चालवून घेणारा मनुष्य कचेरीत तसे करणार नाही, असे मानण्यास आधार काय? माळ्याची मजुरी आपण देतो. त्याच्या पापाची मजुरी मात्र पगारपत्रकात कोठेही मांडलेली नसते.

तिसरा प्रकार औषध टाकून झोपी जाण्याचा. मेटाल्डिहाइडची गोड आमिषे बाजारात मिळतात. रात्री टाकावीत, सकाळी शंख वेचावेत. पण ते आमिष गोगलगाय आणि कुत्रा असा भेद करत नाही. भटके कुत्रे, पाळलेले कुत्रे, पक्षी, कोणीही ते खाऊन मरू शकतो. ब्रिटनमध्ये उघड्या जागी त्याचा वापर २०२२ पासून बंद झाला तो याच कारणाने. माणसांवर विसंबण्याऐवजी एका प्राण्यावर दुसरा प्राणी सोडण्याचाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील एक मांसाहारी गोगलगाय आफ्रिकी गोगलगाईच्या निर्दालनासाठी १९५५ साली हवाई बेटांवर, १९७४ साली ताहितीत आणि १९७७ साली शेजारच्या मूरिया बेटावर सोडण्यात आली. तिने आपले नेमून दिलेले काम सोडून तेथल्या स्थानिक, निरुपद्रवी, झाडांवर राहणाऱ्या इवल्या गोगलगाईंचा फडशा पाडला. दहा-बारा वर्षांत मूरियावरील त्या सर्व जाती रानातून नाहीशा झाल्या. परदेशी प्राणिसंग्रहालयांत वाचलेल्या थोड्यांची पिल्ले अलीकडे पुन्हा त्या बेटांवर सोडली जात आहेत. आपला वध दुसऱ्याकडे सोपवला की वधाची मर्यादाही आपल्या हाती राहत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण शोधूनही मिळावयाचे नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल : मेलेल्या गोगलगाईच्या दृष्टीने मारणारा हात माळ्याचा की मालकाचा, याने काय फरक पडतो? फरक तिला पडत नाही, हे खरे. पण जी अद्याप मेलेली नाही तिला पडतो. जो स्वतः वाकून, विजेरीच्या उजेडात एकेक शंख उचलतो, त्याला प्रथम हा प्राणी कोण हे पाहावे लागते. आपल्या देशात गोगलगाईंच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कोणाच्या जास्वंदीच्या वाटेस जात नाहीत. कुजका पाला खाऊन त्याची माती करण्याचे काम त्या मुकाट्याने करतात. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील रानांत इंद्रेला नावाची एक आहे. तिचे अंग कधी शेंदरी तर कधी लालभडक असते आणि ती जगात दुसरीकडे कोठेही नाही. ‘गोगलगाई मारा’ या हुकुमात तीही मरते. ‘मी या एकीला मारतो’ या निश्चयात ती वाचते. ओळख करून घेणे हा अहिंसेचा अर्धा भाग आहे, आणि ओळख दुसऱ्याच्या डोळ्यांनी करून घेता येत नाही.

दिल्लीत राहणाऱ्या वाचकांनी फिरोजशाह कोटल्यावरचा अशोकाचा स्तंभ पाहिला असेल. त्यावरील पाचव्या लेखात राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झालेल्या त्या सम्राटाने कोणकोणते प्राणी मारू नयेत याची यादी दिली आहे आणि त्यातच एक बारीकशी आज्ञा आहे : ज्या भुशात जीव असतील तो भुसा जाळू नये. केवढे साम्राज्य, आणि आज्ञा भुशातल्या किड्यांविषयी! अशोकाने सर्व हिंसा बंद केली नव्हती. त्याच्या यादीबाहेरचे प्राणी मारले जातच होते. पण जाळण्यापूर्वी भुसा एकदा हलवून पाहावा, एवढे त्याने आपल्या प्रजेकडून मागितले. राज्यकर्त्याने मागावे आणि गृहस्थाने द्यावे, असे याहून वाजवी दुसरे काय असू शकते?

मग व्यवहारात काय करावे? धर्मव्याधाने सांगितलेला यत्न येथे अगदी साध्या रूपात उपलब्ध आहे. झाडांना पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्री जमीन कोरडी राहते आणि निम्म्या गोगलगाई येतच नाहीत. पालापाचोळा, फुटक्या कुंड्या, विटांचे ढीग हलवावेत. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा किंवा राखेचा पट्टा ओढावा. पावसाने तो वाहून गेला की पुन्हा ओढावा. कुंड्यांना तांब्याची पट्टी बसवावी. एवढ्याने न भागले तर गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी ठेवून पहाटे त्याखाली जमलेल्या वेचाव्यात, हातमोजे घालून. आणि मारावयाच्या झाल्या तर मिठाने मारू नयेत. मीठ तिच्या अंगातले पाणी शोषून तिला सावकाश मारते आणि जमीनही नासवते. कढते पाणी क्षणात काम संपवते. नंतर खोल खड्ड्यात पुराव्यात. मातीत साबुदाण्यासारखी फिकट पिवळसर अंडी सापडतील, ती प्रथम नष्ट करावीत. कारण अंडे नष्ट करणे हीच या प्रकरणातली सर्वांत लहान हिंसा आहे. यांतले जेवढे स्वतःच्या हाताने करवेल तेवढे करावे. जे माळ्याकडून करवावयाचे ते त्याला स्पष्ट शब्दांत, शेजारी उभे राहून सांगावे.

एक गोष्ट उरते. ही गोगलगाय परकी आहे म्हणून ती वध्य, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होऊ नये. परमुलखात बाडबिस्तरा टाकून राहणाऱ्यांनी परकेपणाला अपराध ठरवणे शोभत नाही. ती आपल्या पायांनी आली नाही. तिला पाय पोटात आहेत, आणि तेवढ्यांनी समुद्र ओलांडता येत नाही. तिला माणसाने आणले, माणसाने सोडले, आणि माणसानेच कुंडीतल्या मातीतून गावोगाव पोहोचवले. तिच्याकडे दोष नाही, फक्त उपद्रव आहे. दोष असेलच तर तो तिला हातावेगळी करणाऱ्या साखळीत आहे. म्हणून तिला मारताना राग नसावा, मौज नसावी, आणि आपण मारलेच नाही असा बहाणाही नसावा.

बदलीचा हुकूम येईल तेव्हा सामान ट्रकवर चढवताना मोगऱ्याच्या चार कुंड्या सोबत न्याव्या असे वाटणे साहजिकच आहे. त्या वेळी कुंडीतली माती एकदा उकरून पाहावी. आणि मागे जो येणार आहे त्याला किल्ल्या देताना, जडवस्तूंच्या यादीवर सही घेताना, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीशी, कर्दळीच्या बुडाशी पावसाळ्यात अंडी सापडतात, हेही सांगून ठेवावे. त्यासाठी चार्जच्या कागदांत रकाना नाही; तोंडाने सांगितले तरी चालते.